दोन दोऱ्या ओढीच्या, तिसरी सोडीची

मराठीचा प्राध्यापक आणि हत्यारे यांचे नाते फारसे सलोख्याचे नसते. घरात कॅलेंडरसाठी खिळा ठोकावयाचा झाला तरी शेजाऱ्यांना हाक मारावी, आणि त्यांनी खिळा ठोकीपर्यंत आपण 'खिळा' या शब्दाच्या व्युत्पत्तीवर बोलत उभे राहावे, अशा वर्गातला मी. असे असूनही गेल्या दीड वर्षात मी दोन दांडे तयार केले. पहिला मोडला, आणि त्याच्या मोडण्यामुळे एक मुलगा वाचला. दुसरा अजून शाबूत आहे, आणि तो हातातून सुटतो, हेच त्याचे मोठेपण आहे. त्या दोन दांड्यांची ही हकीकत. तीत माझी शोभा झालेली आहे. पण दिवाळीच्या फराळाबरोबर दुसऱ्याची फजिती वाचायला मिळाली तर वाचकांची त्याला हरकत नसावी.

दांडा कशाचा, हे आधी सांगितले पाहिजे. दांडा पतंगाचा. आपल्या संक्रांतीच्या पतंगाला दांडा लागत नाही. त्याला एक दोरी, एक फिरकी आणि मागे उभे राहून ती धरणारे एक गरीब माणूस एवढे पुरते. पण जगात दुसऱ्या जातीचे पतंग आहेत. ते माणसाला ओढून नेतात. समुद्रावर फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाला, वाळूत तीनचाकी गाडीत बसलेल्याला आणि बर्फावर घसरणाऱ्यालाही. अशा पतंगाला दोन, तीन, चार दोऱ्या असतात, आणि त्या हातभर लांबीच्या आडव्या दांड्याला बांधलेल्या असतात. सायकलच्या हँडलसारखा तो दांडा दोन्ही हातांनी धरायचा. डावी बाजू जवळ ओढली की पतंग डावीकडे वळतो, उजवी ओढली की उजवीकडे. सांगायला इतके सोपे; आणि सोप्या गोष्टीच माणसाला आडव्या पाडतात.

आमचे बालपण येवल्यातले. नगर जिल्ह्याची कोपरगावची हद्द ओलांडली की येवला लागते. जिल्हा नाशिक, पण आमच्या घरच्या सोयरिकी सगळ्या नगरकडच्या. येवल्याचे नाव निघाले की लोकांना पैठणी आठवते, येवलेकरांना संक्रांत आठवते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस ते गाव जमिनीवर नसते, धाब्यावर आणि गच्च्यांवर असते. हलकडी वाजत असते, पतंग कटला की 'वकाट'ची आरोळी उठते, आणि दोरा गुंडाळायला तिथे फिरकी नव्हे, आसारी असते. बांबूच्या कामट्यांची, मोठ्या घेराची, मधल्या दांड्यावर गरगर फिरणारी. येवल्याच्या पोराच्या हाती आसारी लवकर येते आणि पाटी उशिरा, असे आमचे वडील म्हणत.

आमच्या घरी पतंग माझा असे आणि आसारी आक्काची. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, वारा पडला तर दोरा किती भरभर गुंडाळायचा, हे तिला माझ्याहून चांगले कळे. कण्णी तर तीच बांधून देई. कण्णी म्हणजे पतंगाच्या छातीवरच्या दोऱ्याची ती तिकोनी बांधणी. तिच्यात बोटभर फरक पडला की पतंग एक तर नाक वर करून लोळतो किंवा गोते खातो. पण मुलीने पतंग उडवायचा नाही, मुलीने आसारी धरायची, असा आमच्या गच्चीचा अलिखित कायदा होता. तो कोणी केला हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

पतंगाने आपल्या भाषेला किती दिले आहे, हे वर्गात सांगण्याची मला हौस आहे. मोठ्या पतंगाला मराठीत वावडी म्हणत. वावडी आकाशातून खाली आली, पण 'वावड्या उठवणे' भाषेत राहिले, आणि निवडणुकीच्या दिवसांत तर त्यांना खंड नसतो. ढील देणे, गोता खाणे, सूत्रे हलवणे, दोरी हातात ठेवणे, ही सारी त्याच गणगोतातली. आणि सर्वांत सुंदर दृष्टान्त आमच्या नामदेवांचा. शिखांच्या ग्रंथसाहेबात नामदेवांची पदे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यांतले रामकली रागातले एक पद पतंगाचे आहे, हे थोड्यांना ठाऊक असते. मुलगा कागद कापून पतंग करतो, आकाशात सोडतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो. पण चित्त मात्र दोरीत असते. भक्ताचे मन देवापाशी असे असावे, हा भाव. मी हे पद वीस वर्षे शिकवीत आलो आहे. दोरीत चित्त ठेवणे म्हणजे काय, ते मला गेल्या वर्षीच्या आषाढात कळले.

आक्काचा मुलगा, माझा भाचा, दोन वर्षांपूर्वी नगरला माझ्याकडे राहायला आला. गावाचे नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे, पण एस. टी. स्टँडवर अजून 'नगर, नगर' हीच हाक ऐकू येते. दहावीनंतर त्याने यंत्राच्या पदविकेला प्रवेश घेतला. आक्का कोपरगावला असते. त्याला सोडायला आली तेव्हा जाताना उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "तुझ्या हवाली करून चाललेय रे. हूड आहे. लक्ष ठेव." मी म्हणालो, "आक्का, काळजी करू नकोस." माणसाने आयुष्यात जी वाक्ये सहज बोलू नयेत, त्यांत या वाक्याचा नंबर वरचा आहे.

पतंग आला तो गोव्याहून. माझा एक जुना विद्यार्थी मोरजीच्या किनाऱ्याजवळ एका हॉटेलात नोकरीला आहे. त्या किनाऱ्यावर पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळीवरून समुद्रात फिरण्याचा खेळ चालतो. शिकाऊ लोकांसाठी असलेला एक लहान पतंग कोणी परदेशी पाहुणा जाताना टाकून गेला होता. माझा भाचा पतंगवेडा आहे हे ठाऊक असल्याने विद्यार्थ्याने तो पिशवीत कोंबून आणून दिला. पंखविस्तार सुमारे अडीच मीटर, कापड तलम आणि कडक, काठी म्हणून एकही नाही. वरचे आणि खालचे अशी कापडाची दोन अस्तरे, मध्ये पडदे, आणि पुढची बाजू उघडी. उशीच्या अभ्र्यासारख्या पिशव्यांची एक ओळच म्हणा ना. वारा तोंडातून आत शिरतो, पिशव्या फुगतात, आणि चिंधीचा पंख होतो. सोबत दोऱ्यांचा एक गुंता होता. नव्हता तो फक्त दांडा. दुकानातल्या दांड्याची किंमत भाच्याने शोधून काढली. ती ऐकून आम्ही दोघे थोडा वेळ गप्प बसलो. मग तो म्हणाला, "मामा, आपण घरी करू."

हे खूळ नवे नाही, हे मी त्याला अभिमानाने सांगितले. इंग्लंडात ब्रिस्टलला जॉर्ज पोकॉक नावाचा शाळामास्तर होता. त्याने १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. दोन मोठे पतंग आणि त्यांना वळवायला चार दोऱ्या. रस्त्यावरचा जकातीचा नाका गाडी ओढणाऱ्या जनावरांच्या हिशेबाने पैसे घेई; याच्या गाडीला जनावरच नाही, म्हणून तो फुकट निघून जाई, अशी कथा सांगतात. याच मास्तराने आपल्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने उंच चढवले होते. ती मुलगी मार्था सुखरूप उतरली आणि पुढे तिला जो मुलगा झाला तो क्रिकेटचा भीष्माचार्य डब्ल्यू. जी. ग्रेस. पुढे १९०३ साली सॅम्युएल कोडी नावाच्या गृहस्थाने पतंगाने ओढलेल्या होडीतून कॅले ते डोव्हर ही खाडी ओलांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आरमाराच्या तोफखान्याला नेमबाजीसाठी हलते लक्ष्य हवे होते. तेव्हा पॉल गार्बर यांनी शेपटाकडे सुकाणू लावलेला, दोन दोऱ्यांनी हवा तसा वळणारा पतंग तयार केला. त्यावर शत्रूच्या विमानाचे चित्र रंगवलेले असे. बिनकाठीचा, वाऱ्याने फुगणारा पंख डोमिना जाल्बेर यांनी १९६४ साली रचला. आमच्या पिशवीतला पतंग त्याच वंशातला. आणि पाण्यावर पडला तरी पुन्हा उठणारा, कडेला हवेची नळी असलेला पतंग १९८४ साली फ्रान्समधल्या लेगेन्यू बंधूंनी पेटंट केला, तेव्हापासून समुद्रावरचा हा खेळ खऱ्या अर्थाने उभा राहिला.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, या पतंगाच्या मागच्या काठाला बारीक दोऱ्या एकत्र येऊन एक फास लोंबतोय. तो कशाला?"

पोकॉकपासून लेगेन्यूपर्यंत सगळे सांगणाऱ्या मला याचे उत्तर ठाऊक नव्हते. पण 'ठाऊक नाही' हे उच्चारणे प्राध्यापकाच्या जिभेला जड जाते. मी म्हणालो, "असेल काहीतरी जास्तीचं. गुंता होईल, बांधून टाक." त्याने बांधून टाकले. तरी रात्री पुन्हा म्हणाला, "मामा, मला वाटतं तिसरी दोरी असणार. सोडायची." मी म्हणालो, "सोडायचं कशाला? आपल्याला धरायचंय."

पहिला दांडा असा झाला. जुन्या मांडवाचा एक जाड बांबू होता. त्याचा हातभराहून थोडा मोठा तुकडा कापला, दोन्ही टोकांना गिरमिटाने भोके पाडली, त्यांतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी ओवली आणि तिच्या फासांत पतंगाच्या दोन दोऱ्या अडकवल्या. पकड यावी म्हणून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. आणि दांडा हातातून निसटू नये म्हणून मी, माझ्या स्वतःच्या बुद्धीने, जुन्या बॅगेच्या पट्ट्यांचे दोन कडे करून दांड्याला बांधले. त्यांत मनगटे घालायची आणि पट्टे आवळायचे. या शोधाचे मला फार कौतुक वाटले होते.

आषाढातला एक रविवार. पाथर्डी रस्त्याला चांदबीबीचा महाल आहे. महाल म्हणतात, वस्तुतः ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर, डोंगरावरची, अष्टकोनी, तीन मजली. त्याच्या पलीकडे माळ पसरलेला आहे. आषाढात तिथे पाऊस थोडा आणि वारा फार. त्या बाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांची पाती जोरात फिरत होती. ते पाहून मला आनंद झाला. भीती वाटायला हवी होती.

वाऱ्याचे गणित मला पुढे कळले, ते इथेच सांगतो. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. शिवाय हा पतंग एका जागी उभा नसतो. तो आकाशात सूं करीत धावतो, आणि धावू लागला की त्याच्या पंखाला लागणारा वारा आणखी वाढतो. तो डोक्यावर असतो किंवा वाऱ्याच्या कडेला असतो तेव्हा ओढ कमी. पण तो नेमका समोर, वारा जिकडे जातो त्या दिशेला खाली आला की तिथे त्याची सगळी ताकद असते. शिकाऊ माणसाच्या हातून तो नेमका तिथेच येतो.

मी पतंग उचलून धरला, भाचा वीस मीटरवर दांडा घेऊन उभा राहिला, मनगटे पट्ट्यांत आवळलेली. मी पतंग सोडला. तो भक्‌कन फुगला, वर चढला, डावीकडे झुकला. भाच्याने घाबरून उजवी बाजू जोरात ओढली. पतंग गर्रकन वळला आणि थेट समोर उतरू लागला. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. पोराचे पाय जमिनीवरून सुटले. तो पोटावर पडला आणि दगडगोट्यांवरून घसरत निघाला. मी "सोड! सोड!" म्हणून ओरडत धावलो. आणि धावता धावता लक्षात आले की त्याला सोडता येत नाही. मी त्याला बांधले आहे.

त्या माळाच्या उताराला एक जुनी, बिनकठड्याची विहीर आहे. तिच्यापासून तो तीसचाळीस पावलांवर असताना काडकन आवाज झाला. बांबू भोकापाशी उभा चिरला, एक दोरी निसटली, आणि पतंग एकाच दोरीभोवती भिरभिरत जमिनीवर आपटला. माझ्या हातची कारागिरी वाईट होती, म्हणून तो मुलगा आज आहे. चांगला दांडा केला असता तर काय झाले असते, याचा विचार मी रात्री करीत नाही. तो आपोआप होतो.

उजव्या हाताची दोन्ही हाडे मोडली होती. प्लास्टर घालून घरी आणले. संध्याकाळच्या एस. टी.ने आक्का आली. पोराच्या उशाशी बसली, त्याच्या सोललेल्या कोपरांवरून हात फिरवला, आणि सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. मी वाऱ्याबद्दल बोललो, बांबूबद्दल बोललो, दोऱ्यांबद्दल बोललो. ती ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारले.

"तू त्याला बांधलंस?"

मी मान खाली घातली. भाचा मधेच म्हणाला, "आई, मीच म्हणालो होतो बांधा." तो खोटे बोलत होता. ते तिला कळले, मला कळले. कोणी काही बोलले नाही. त्या खोट्याचे ओझे मला त्याच्या हाडांहून जड झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी आक्काला खरे सांगितले. पट्टे माझे, आणि तिसऱ्या दोरीबद्दल तो बोलला होता तेही. ती म्हणाली, "मला कालच कळलं होतं. तू स्वतः सांगतोस का, ते बघत होते."

पतंग जाळून टाकावा असे माझे मत झाले होते. पण प्लास्टरमधल्या मुलाला दुसरा उद्योग नव्हता. तो डाव्या हाताने वेड्यावाकड्या आकृत्या काढू लागला. त्याने जे शोधून काढले ते असे. तो मागच्या काठाचा फास जास्तीचा नव्हता. तोच या पतंगाचा प्राण होता. दोन दोऱ्या ओढीच्या, त्या दांड्याच्या टोकांना. तिसरी सोडीची. ती पतंगाच्या मागच्या काठाला बांधायची, दांड्याच्या मधोमध पाडलेल्या भोकातून आणायची आणि मनगटातल्या एका पट्ट्याला जोडायची. उडवताना ही तिसरी दोरी सैल असते. दांडा हातातून सोडला की तो तिसऱ्या दोरीवरून पुढे सरकतो, ओढीच्या दोऱ्या सैल पडतात, सगळा ताण मागच्या काठावर येतो. पंख उलटा ओढला जातो, त्यातली हवा निघते, आणि पतंग वाळत घातलेल्या धोतरासारखा फडफडत खाली येतो. म्हणजे माणूस दांड्याला बांधलेला नसतोच. तो फक्त सोडीच्या दोरीला बांधलेला असतो. आणि तो मनगटाचा पट्टाही दुसऱ्या हाताने एका झटक्यात सुटला पाहिजे.

"मामा, मी म्हटलं होतं ना, सोडायची दोरी," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

आक्काला आम्ही दोघांनी मिळून विचारले. तिने बराच वेळ घेतला आणि अट घातली: "आधी सुटून दाखवायचं. मग उडवायचं. आणि दाखवायचं ते मला."

दुसरा दांडा आम्ही घाईने केला नाही. सुताराकडून बाभळीचा वाळलेला तुकडा आणला. कुदळी-फावड्यांना आपल्याकडे बाभूळ वापरतात, ती उगीच नव्हे. तुकडा निवडताना गाठ नसलेला, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावणारा घेतला. लांबी पंचावन्न सेंटीमीटर. टोकांची भोके काठापासून पुरेशी आत पाडली, म्हणजे लाकूड चिरणार नाही. मधल्या भोकात पाण्याच्या फिल्टरची पांढरी नळी बसवली, कारण दोरी लाकडावर घासली की झिजते, आणि झिजलेली दोरी ऐन वेळी दगा देते. सगळ्या कडा पॉलिश पेपरने गोल केल्या, अळशीचे तेल पाजले. डाव्या बाजूला लाल चिकटपट्टी लावली. गोंधळलेल्या माणसाला डावे-उजवे आठवत नाही, रंग आठवतो. मनगटाला करकर आवाज करीत सुटणाऱ्या व्हेल्क्रोचा पट्टा.

मग दोऱ्यांचा प्रश्न. मांजा इथे चालत नाही. काचेचा चुरा लावलेला दोरा हात कापतो. आणि नायलॉनच्या मांज्याबद्दल तर बोलायलाच नको. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्याच्यावर देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला गळे कापल्याच्या बातम्या येतातच. शिवाय नायलॉन ताणते, आणि ताणणाऱ्या दोरीने पतंगाला निरोप उशिरा पोचतो. गोव्याहून आलेल्या दोऱ्या न ताणणाऱ्या, विणलेल्या होत्या. पण त्यांतली एक तुटलेली, तिला गाठ मारलेली. गाठ मारली की दोरीचे बळ निम्म्यावर येऊ शकते. म्हणून ती दोरी गाठीपाशी कापली आणि बाकीच्या तिच्या मापाने कापायच्या ठरवल्या. ओढीच्या दोन दोऱ्या अगदी सारख्या हव्यात. एक बोटभर आखूड झाली की पतंग जन्मभर त्याच बाजूला वळत राहतो. आम्ही अंगणात तीनदा मोजल्या, तीनदा वेगवेगळे माप आले.

दिवाळीच्या सुटीत येवल्याला गेलो तेव्हा आमच्या जुन्या गल्लीतल्या पैठणी विणणाऱ्या एका वृद्ध दादांना भाच्याने दोऱ्या दाखवल्या. ते हसले. म्हणाले, "मास्तर, सैल सूत खरं बोलत नाही. आधी ताणा, मग मोजा." ज्यांनी जन्मभर हातमागावर ताण्याचे हजारो धागे एका ताणाने लावले, त्यांना दोन दोऱ्यांचे काय? त्यांनी भिंतीतल्या एकाच खुंटीला दोन्ही दोऱ्या अडकवल्या, भाच्याला सगळ्या अंगाने ओढायला लावले, गाठी बसू दिल्या, आणि मग टोकांच्या फासांची जागा ठरवून खूण केली. अर्ध्या तासात काम झाले. मजुरी विचारली तर म्हणाले, "पतंग उडाला की कळवा."

घरी आल्यावर अंगणात चाचणी. भिंतीच्या तीन हुकांना तीन दोऱ्या, आणि दांडा सोडून पाहायचा. पहिल्याच वेळी दांडा अडकला! सोडीच्या दोरीतला एक जोड नेमका दांड्याच्या पुढे होता, तो भोकात शिरेना. हे आकाशात घडले असते तर सगळे मुसळ केरात. जोड दूर नेला, पंखविस्ताराएवढे अंतर दोरी गुळगुळीत ठेवली. मग वीस वेळा सोडून पाहिला. वीस वेळा सुटला.

एक गंमत मध्ये सांगून टाकतो. आपल्या १९३४च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती, तिच्यात पतंगाचाही समावेश होता. म्हणजे येवल्याच्या गच्च्यांवर आम्ही सगळे वैमानिक होतो. त्या कायद्याच्या जागी २०२५च्या आरंभापासून नवा कायदा आला आहे. पण कायदा जुना असो की नवा, विजेच्या तारा, रस्ता, विमानतळ आणि लष्करी हद्द यांच्या जवळ असला पतंग काढू नये. आणि नगरात लष्करी हद्द कुठे सुरू होते, ते ठाऊक असलेले बरे.

यंदाच्या भोगीच्या आदल्या रविवारी आक्का कोपरगावहून आली. या वेळी माळ दुसरा निवडला. वाऱ्याच्या दिशेला दोन शेते मोकळी, विहीर नाही, तार नाही, माणूस नाही. पौषातला वारा, झाडाची पाने नुसती हलवणारा. भाच्याने दांडा हातात घेतला तेव्हा मी पतंगापाशी उभा होतो आणि माझे हात कापत होते. वीस वर्षे शिकवलेल्या पदाचा अर्थ त्या क्षणी अंगात उतरला. तोंडाने मी "तयार?" असे काहीतरी म्हणालो, चित्त दोरीत होते.

पतंग चढला. डोक्यावर स्थिर झाला. भाच्याने हळूच डावी ओढली, तो डावीकडे गेला, उजवी, उजवीकडे. मोठा आठाचा आकडा काढला. आक्का लांबून म्हणाली, "सोड."

त्याने सोडला. दांडा दोरीवरून सर्रकन पुढे गेला, पतंगाचे अंग गळाले, आणि तो फडफडत, अगदी निमूटपणे, ढेकळांत येऊन पडला.

"पुन्हा," आक्का म्हणाली. असे पाच वेळा. पाचव्या वेळेनंतर तिने पदर खोचला आणि चालत भाच्यापाशी गेली.

"दे इकडे."

"आई, तू?"

"सहा वर्षांची असल्यापासून दुसऱ्याची आसारी धरतेय. दे."

पट्टा तिच्या मनगटाला त्याने बांधला, आणि तो कसा सुटतो ते दोनदा करून दाखवले. मी पतंग उचलून दिला. कण्णीची जात ओळखणारा हात होता तो. तिला डावे-उजवे सांगावे लागले नाही. पतंग एकदा झुकला, तिने किंचित सैल सोडले, आणि तो सावरला. ती काही बोलत नव्हती. डोळे वर, ओठ घट्ट. चाळीस वर्षांपूर्वीच्या गच्चीवर मी कधी मागे वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नव्हते. पाहिले असते तर असाच दिसला असता का, कोण जाणे.

वारा जरा वाढला. तिचा एक पाय पुढे सरकला. मी तोंड उघडणार, तोच तिने आपण होऊन दांडा सोडून दिला. पतंग खाली आला.

"काय झालं, आक्का? घाबरलीस?"

"नाही रे," ती मनगट चोळत म्हणाली. "माझ्या हातूनही सुटतो की नाही, ते बघितलं." आणि मग ढेकळांकडे बोट दाखवून लेकाला म्हणाली, "उभा काय राहिलास? उचल पुन्हा."

चिरलेला बांबू मी टाकलेला नाही. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर तो ठेवला आहे. वर्गावर जायला निघालो की तो दिसतो.